कैदी, बंदी आणि कच्चे काम

'कैदी' हा शब्द अरबी 'कैद'वरून फारसीमार्गे मराठीत आला. 'कैद' म्हणजे मुळात बेडी. 'बंदी' संस्कृत 'बन्ध्' धातूचा, म्हणजे बांधलेला. फारसी 'बंद' त्याचाच सगोत्र, म्हणून 'बंदीखाना' हा जोडशब्द जडच गेला नाही. 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंको'पासून आला. त्रोंको म्हणजे झाडाचे खोड, मग पाय अडकवायचा लाकडी खोडा आणि शेवटी कोठडी. तिन्ही शब्दांत बंधन आहे, अपराध नाही. अपराध सिद्ध झाला की नाही, हे विशेषणच सांगते.

नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत आहे. त्यामुळे या विशेषणाची दोन रूपे तिथल्या वकिलाच्या कानी पडतात. मराठीत 'कच्चा कैदी' म्हणतात. गुजरातीत खटला चालू असलेला तो 'काचा कामनो केदी' आणि शिक्षा झालेला 'पाका कामनो केदी'. मराठी कच्चेपण माणसाला चिकटवते, गुजराती ते कामाला लावते. मराठी अर्जातही 'सदर कामी' लिहितात, तेव्हा काम म्हणजे प्रकरणच असते. कच्चे असते ते प्रकरण.

विशेषणाने माणसाची प्रतही बदलते. विनोबांनी 1932 साली धुळे तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. नवापूर तेव्हा धुळे मुख्यालय असलेल्या पश्चिम खानदेशात होते. हे दोघेही कैदीच, पण लोकांच्या तोंडी 'राजबंदी'.

कायद्याच्या भाषेत हे भेद काटेकोर आहेत. 1894 च्या कारागृह अधिनियमाने फौजदारी आणि दिवाणी बंदी वेगळे केले, सिद्धदोष नसलेल्यांना सिद्धदोषांपासून दूर ठेवायला सांगितले आणि घरचे कपडे व अन्न घेण्याची मुभा दिली. प्रतिबंधक कायद्याखाली कोंडलेला तो 'स्थानबद्ध'. त्याच्यावर खटला असेलच असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 केवळ न्यायाधीन बंद्यासाठी, म्हणजे कच्च्या कैद्यासाठी, आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने एकतृतीयांश काळ काढला, की जामिनावर सुटकेचा प्रश्न उभा राहतो. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास हा लाभ मिळत नाही.

म्हणून अर्जात नुसते 'कैदी' लिहिणे अपुरे ठरते. 'न्यायाधीन', 'सिद्धदोष', 'दिवाणी' की 'स्थानबद्ध', हे पहिल्याच ओळीत यावे; कोणते कलम लागते ते त्यावरच ठरते.