मुंबईचं तिकीट नको, जिल्ह्यातला जिना हवा

अमरावती-अकोल्यातलं पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं झालं, मैदानावर जरा चमकायला लागलं, की घरच्यांना एक सल्ला हमखास मिळतो : "पोट्ट्याले मुंबईले नाहीतर पुण्याले धाडा, इथं राहून काय होते?" सल्ला देणारा बहुधा हितचिंतकच असतो. त्याच्या बोलण्यामागे तीन गृहीतकं असतात. पहिलं असं, की व्यावसायिक खेळाचं दार फक्त मोठ्या शहरात उघडतं. दुसरं असं, की वऱ्हाडातून जे एक-दोघं वर गेले ते अपवाद, आणि अपवादाच्या भरवशावर कुणी संसार मांडत नाही. तिसरं असं, की वरच्या लीगमध्ये नाव लागलं नाही तर खेळात घातलेली वर्षं पाण्यात गेली. ही तिन्ही गृहीतकं मला साफ अमान्य आहेत. त्यातलं तिसरं तर आपल्या मुलांच्या जिवावर उठणारं आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. जितेश शर्मा अमरावतीचा, जन्म 1993 चा. अथर्व तायडे अकोल्याचा, जन्म 2000 चा. दोघंही आयपीएल खेळले, आणि तिथं पोचले तेव्हा दोघंही देशांतर्गत क्रिकेट विदर्भाकडूनच खेळत होते. त्यासाठी त्यांना मुंबईची किंवा महाराष्ट्राची टोपी घालावी लागली नाही. अकोल्याचाच वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे. त्यानं प्रथम श्रेणीत पदार्पण केलं ते थेट 2017-18 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर फैज फजलच्या विदर्भानं दिल्लीला हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी तो राखला, 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा आणला. तेव्हा 'इथं राहून काय होते' या प्रश्नाला उत्तर आहे : रणजी विजेत्या संघात जागा मिळते.

दुसरं गृहीतक अपवादाचं. जितेशचा प्रवास नीट पाहिला तर ते टिकत नाही. तो 2014 पासून विदर्भाकडून खेळत होता. 2015-16 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्यानं धावांचा पाऊस पाडला, म्हणून 2016 च्या लिलावात मुंबई इंडियन्सनं त्याला 10 लाखांना घेतलं. सामना मात्र एकही मिळाला नाही. पुढे पंजाब किंग्जनं 20 लाखांना घेतलं आणि पहिला आयपीएल सामना तो खेळला 3 एप्रिल 2022 रोजी. मधली सहा वर्षं त्याला कुणी सांभाळलं? कुठल्या लीगनं नाही. सांभाळलं ते विदर्भाच्या संघानं आणि देशांतर्गत सामन्यांनी. आघाडीला खेळणाऱ्या या फलंदाजानं खालच्या क्रमांकावर येऊन शेवटच्या षटकांत सामना संपवण्याचं कसब कमावलं ते याच सामन्यांमध्ये.

त्या कसबाचा अर्थ 27 मे 2025 ला लखनौत दिसला. आयपीएलमध्ये बंगळूरसमोर 228 धावांचं लक्ष्य होतं आणि त्यांचा हंगामी कर्णधार आता जितेश होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यानं दिग्वेश राठीला उलटा स्वीप मारला आणि झेल गेला. पंचांनी तपासून पाहिलं, राठीचा पाय रेषेवर होता, नो-बॉल! पुढचा फ्री हिटचा चेंडू जितेशनं थेट प्रेक्षकांत धाडला. 33 चेंडूंत नाबाद 85 धावा करून त्यानं सामना संपवला, आणि आठवड्याभरात बंगळूरनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली. नो-बॉल मिळणं हे नशीब, मान्य. पण त्याच्या पुढच्या चेंडूवर षटकार मारायला लागणारे हात नशिबानं मिळत नाहीत. त्यामागे दहा वर्षांचं देशांतर्गत क्रिकेट उभं होतं.

अथर्व तायडेचंही तेच. 2017-18 च्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध त्यानं 320 धावा केल्या आणि एकोणीस वर्षांखालचं ते विजेतेपद विदर्भाकडे आलं. 2023 च्या आयपीएलमध्ये धर्मशालेला दिल्लीविरुद्ध तो 55 धावांवर खेळत असताना, धावगती वाढवायला हवी म्हणून त्याला 'रिटायर्ड आउट' होऊन परतावं लागलं. अर्धशतक करूनही खेळपट्टी सोडावी लागणं हा तरुण फलंदाजाला जिव्हारी लागणारा प्रसंग. पण त्याला परत जायला रणजीचा संघ होता. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला शेष भारताविरुद्धच्या इराणी करंडकात त्यानं 143 धावा काढल्या आणि विदर्भानं सामना जिंकला. ज्या व्यवस्थेतून एकामागून एक मुलं अशी वर येतात, त्यांना अपवाद म्हणणं म्हणजे व्यवस्थेकडे डोळेझाक करणं.

आता तिसरं गृहीतक. त्यासाठी जरा दूर, जपानला जाऊ. तिथल्या आइस हॉकी खेळाडूंनी उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या सर्वोच्च लीगमध्ये शिरायची धडपड कित्येक वर्षं चालवली आहे. 1992 मध्ये मॉन्ट्रियलनं हिरोयुकी मिउराची निवड केली, पण तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. होक्काइदो बेटावरच्या कुशिरो शहरात जन्मलेला गोलरक्षक युताका फुकुफुजी याला लॉस एंजेलिस किंग्जनं 2004 च्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) आठव्या फेरीत, 238 व्या क्रमांकावर घेतलं. दुय्यम लीगमध्ये घासून घासून जानेवारी 2007 मध्ये तो एनएचएलच्या बर्फावर उतरला. असं करणारा तो पहिला जपानी. एकूण सामने चार, विजय शून्य. आपल्या हितचिंतकाच्या हिशेबात हा माणूस नापास.

पण पुढचं पाहा. युरोपात खेळून फुकुफुजी जपानला परतला आणि निक्कोच्या आइसबक्स संघाचा गोल राखू लागला. हा संघ एका कंपनीचा होता. 1999 मध्ये कंपनीनं अंग काढून घेतलं, तेव्हा गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी तो जगवला. एनएचएल पाहून आलेला गोलरक्षक रोज सरावाला समोर असणं, याची किंमत त्या गावातल्या पोरांना विचारा. पुढे युशिरो हिरानो एनएचएलच्या खालोखालच्या एएचएलमध्ये खेळला, आणि महिलांची नवी व्यावसायिक लीग उत्तर अमेरिकेत सुरू झाली तेव्हा अकाने शिगा ओटावाकडून उतरली. वाट पहिल्यानं पाडली की दुसऱ्याला ती निदान दिसते.

त्याच जपाननं दुसरी बाजूही दाखवली. तिथली हॉकी कंपन्यांच्या संघांवर उभी होती. दूध-लोण्याच्या, रेल्वेच्या, कागदाच्या कंपन्यांनी एकेक करून संघ बंद केले. खुद्द कुशिरोतला निप्पॉन पेपरचा क्रेन्स संघ 2019 मध्ये बंद पडला, त्याच्या जागी उभा राहिलेला संघही टिकला नाही. ज्या गावानं एनएचएलला पहिला जपानी दिला, त्या गावावर ही पाळी आली. प्रतिभा होती, चिकाटीही होती. खालच्या पायऱ्या मात्र काढून घेतल्या गेल्या. एखादा खेळाडू हरला तर खेळ मरत नाही. खेळ मरतो तो पायऱ्या निघाल्या की.

इथं विरोधकाचा सगळ्यात वजनदार आक्षेप येतो : "ही पोरं अकोला-अमरावतीत कुठं घडली? नागपूरला गेली म्हणून घडली. जितेशही 2025 मध्ये बडोद्याकडे गेलाच. म्हणजे गाव सोडावंच लागतं." आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मी मान्य करतो. वरच्या पातळीवर जायचं तर वरच्या पातळीच्या गावी जावं लागतं. पण जाणं आणि पाठवणं यांत फरक आहे. अथर्व नागपूरच्या संघात गेला तो अकोल्याच्या मैदानावर बॅट हातात घेतल्यानंतर, वयोगटाच्या सामन्यांमधून निवडला जाऊन. त्याच्या हातात निवड होती. पंधराव्या वर्षी मुंबईत भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या पोराच्या हातात फक्त बापाचं कर्ज असतं. तिथल्या गर्दीत त्याला आठवड्यात किती चेंडू खेळायला मिळतात, हे एकदा कुणीतरी मोजावं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. व्यावसायिक लीग हा जिन्याचा शेवटचा टप्पा. तो आपण बांधायचा नाही, तो बांधणारे दुसरे आहेत. आपण बांधायचे ते पहिले चार टप्पे : तालुक्याला बारमाही वापरता येईल असं मैदान, जिल्ह्यात वर्षभर भरपूर सामने, पगारी प्रशिक्षक आणि निवडीचा उघडा हिशेब. यासाठी वऱ्हाडाला शून्यातून सुरुवात करायची नाही. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं जगासमोर कबड्डीसारखे देशी खेळ मांडले. हे मंडळ शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय चालवतं, म्हणजे खेळाडूचा शिक्षक करण्याची सोय आपल्या दारात आहे. अकोल्यात अकोला क्रिकेट क्लब आहे, वसंत देसाई क्रीडांगण आहे, बॉक्सिंगची क्रीडा प्रबोधिनी आहे. लीगपर्यंत न पोचलेला मुलगा याच संस्थांत प्रशिक्षक, पंच, क्रीडाशिक्षक होऊन उभा राहिला, तर त्याचं एकही वर्ष वाया गेलेलं नसतं. पुढच्या दहा पोरांच्या खेळात ती वर्षं भरून निघतात.

पालकांना एवढंच सांगणं आहे, की पोराला गाडीत बसवण्याआधी जिल्हा संघटनेच्या दारात जा. या वर्षी माझ्या मुलाच्या वयोगटाचे किती सामने होणार, निवड कोण करणार, मैदान कधी मिळणार, हे विचारा. एकट्यानं नको, वीस पालक मिळून जा आणि उत्तर लेखी मागा. मुंबईला धाडलेल्या एका पोराच्या वर्षभराच्या खर्चाशी तालुक्याचं एक मैदान राखण्याचा खर्च एकदा ताडून पाहा. आमदार निधीतून गावात कमानी उभ्या राहतात, तशी खेळपट्टीही राहू शकते, फक्त मागणारे हवेत. जितेश आणि अथर्व यांचे फलक चौकात लावून झाले असतील, तर आता तिसऱ्यासाठी मैदान मागा.