फणीच्या दोन ठोक्यांमधला वेळ

टॉवेलच्या मागाजवळ दोन मिनिटे उभे राहिले की फणीचा ठोका अंगात भिनतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीला हा आवाज नवा नाही. बाण्याचे पहिले दोन धागे फणी जरा अलीकडेच सोडते. तिसऱ्याच्या वेळी तिन्ही एकदम रेटते आणि ताण्याचे सैल धागे लूप होऊन वर उभे राहतात. मिनिटाला 300 ठोके धरले, तर दोन ठोक्यांमध्ये उरतात 200 मिलिसेकंद. बाणा तुटला तर एवढ्यात माग थांबायला हवा, नाहीतर कापडात दोष राहतो.

इलेक्ट्रॉनिक मागावर ही जबाबदारी कंट्रोल बोर्डाची. त्यालाच डिझाइन वाचायचे असते, स्क्रीनवर आकडे दाखवायचे असतात. कोणते काम आधी, हे ठरवणारा गाभा म्हणजे रिअल-टाइम कर्नेल. मोबाइल क्षणभर अडखळला तर कुणी मनावर घेत नाही. इथे मात्र सगळी कामे एकाच वेळी अंगावर आली तरी उत्तर मुदतीतच यावे लागते.

ही हमी देताना भलेभले अडकतात. 4 जुलै 1997 रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी महत्त्वाच्या टास्कने एक कुलूप धरून ठेवले होते. त्याहून बऱ्याच महत्त्वाचे टास्क त्या कुलपासाठी खोळंबले आणि मधल्या अग्रक्रमाच्या टास्कने प्रोसेसर अडवला. उपाय 1990 सालीच प्रसिद्ध झाला होता: कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम द्यायचा. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या कर्नेलमध्ये ती सोयही होती, फक्त बंद होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर बिघाड पुन्हा घडवून आणला, तेव्हा कुठे तो सापडला.

असा दोष प्रयोगशाळेतल्या टेबलावर सहसा दिसतच नाही. म्हणूनच सोलापूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी फ्रीआरटीओएस हा तयार कर्नेल बोर्डावर चढवून एलईडी लुकलुकवण्यावर थांबू नये. फ्रीआरटीओएस उत्तमच आहे; पण एकदा तरी कामांचा क्रम लावणारा शेड्युलर स्वतः लिहायला हवा. सी-डॅकच्या एरीज बोर्डावरील थेजस32 चिपमध्ये 256 केबी मेमरी आहे, शिकायला ती पुरेशी आहे. आणि परीक्षा मागावर घ्यावी. धागा मुद्दाम तोडावा, सेन्सरपासून थांबण्याच्या सिग्नलपर्यंतचा वेळ ऑसिलोस्कोपवर मोजावा, शेकडो वेळा मोजावा, आणि वहीत सरासरीऐवजी त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहावा.