पाठांतर आणि उपज

पाठांतराला नावे ठेवणे हा आपल्याकडील शिक्षणविषयक चर्चेचा जणू शिष्टाचारच झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीवर टीका केली आहे, आणि ती अस्थानी आहे असे उत्तरपत्रिका तपासणारा कोणीही म्हणणार नाही; मागणीच्या नियमावरील एकच परिच्छेद शंभर हस्ताक्षरांत वाचण्याचा योग त्याला दरसाल येतो. परंतु पाठांतर व नवनिर्मिती परस्परांचे वैरी आहेत, हे त्यामागील गृहीतक मात्र तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी जॅझ गिटारवादनाचा दाखला उपयोगी पडेल. कारण ऐन वेळी सुचेल ते वाजवणे हाच त्या कलेचा प्राण मानला जातो.

इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी (१९२३-१९६८) हा या वाद्यावरील थोर कलावंत. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे. विशीच्या सुमारास त्याने चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याचे वादन सुरासुरासह आत्मसात केले. एका क्लबात त्याला काम मिळाले तेही तेवढेच वाजवण्यासाठी. पाठ केलेले संपले की तो हात आवरता घेई. याच वादकाच्या १९६० मधील ध्वनिमुद्रिका ऐकताना कोणाची नक्कल आठवत नाही.

हे घडले कसे? जलद लयीत दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदलत असताना प्रत्येक स्वर नव्याने शोधण्यास अवधीच नसतो. वादक घोटलेल्या छोट्या स्वरवाक्यांचा आधार घेतो. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या स्वैर भासणाऱ्या वादनात पुनःपुन्हा येणारी सुमारे शंभर सूत्रे थॉमस ओवेन्स यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिली. त्यामुळे पार्कर लहान ठरला नाही. आपला ख्यालगायकही पलटे घोटूनच तानेपर्यंत पोचतो.

गिटारवर मात्र एक फसगत संभवते. बोटांची तीच ठेवण चार पडदे सरकवली की तेच वाक्य दुसऱ्या पट्टीत आयते वाजते. वाक्य बोटांना येते, कानाला येतच नाही. मग मैफलीत ते एकतर आठवत नाही, किंवा नको तेथे घुसते. म्हणून जाणता वादक वाक्य आधी गळ्याने म्हणतो, ते वेगळ्या मात्रेपासून उचलतो, त्याचे शेपूट तोडून दुसऱ्याचे तोंड जोडतो, आणि एकाच रचनेत ते पुनःपुन्हा वापरून पाहतो. पाठांतराचा हा उत्तरार्ध कष्टाचा असतो, आणि आपण शिक्षणातून नेमका तोच गाळला आहे.

मागणीचा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी, भाव चढल्यावरही गृहिणी कांदा का घेते असे विचारताच गोंधळतो. दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नाही. त्याला वाक्य एकाच पट्टीत येते. आणि आमच्या प्रश्नपत्रिकाही वर्षानुवर्षे त्याच पट्टीत निघतात.