उगवत्या खेळाडूंचे मोल

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झाला आणि पुणेरी पलटण यजमान दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी, म्हणजे अवघ्या तीन गुणांनी, पराभूत झाली. असा निसटता पराभव झाला की कोणत्याही संघाच्या चाहत्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कोटीभर रुपये मोजून एखादा नामांकित चढाईपटू आणा. दुसरा म्हणतो, आहेत ती पोरे राखा, त्यांना आणखी दोन वर्षे द्या. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात, पुण्यापासून सुमारे चारशे किलोमीटर अंतरावर राहून या पलटणीस आपली मानणारा चाहता बहुधा दुसऱ्या पक्षाचा असतो. बालेवाडीचे क्रीडासंकुल त्याने पाहिलेले नसते, लिलावातील आकडे त्याच्या व्यवहाराच्या कक्षेबाहेरचे असतात. परंतु वीस-एकवीस वर्षांचा मुलगा चढाईस जाताना कोणत्या पायावर भार देतो, हे मात्र तो अचूक सांगतो. त्याच्या मताकडे निव्वळ हौस म्हणून पाहणे योग्य होणार नाही. त्या मतात जितके तथ्य आहे, तितकीच एक उणीवही आहे, आणि ती उणीव केवळ त्याची एकट्याची नव्हे.

प्रथम तथ्य पाहू. २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पुण्याच्या संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन गाजलेले चढाईपटू होते. पण हंगाम पुढे सरकला तशी संघाची भिस्त त्यांच्यावरून हलली आणि अस्लम इनामदार व मोहित गोयत या दोन नवोदितांवर येऊन ठेपली. अस्लम अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला; मोहित हरियाणाचा. या दोघांच्या चढायांच्या बळावर संघ बाद फेरीत पोहोचला. पुढच्याच वर्षी, १७ डिसेंबर २०२२ रोजी, पलटण प्रथमच अंतिम सामना खेळली. प्रमुख तरुण चढाईपटूंच्या दुखापती आड आल्या आणि जयपूरने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्या वेळीही ‘पोरांच्या खांद्यावर एवढे ओझे नको’ असा सूर निघू शकला असता. व्यवस्थापनाने मात्र अस्लमलाच कर्णधार केले. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात या संघाने साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, केवळ दोन गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले. हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान अस्लमकडे गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात तो आणि नाशिकचा आकाश शिंदे, असे पलटणीचे दोन तरुण होते.

त्याच दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या एका खेळाडूसाठी दोन कोटी साठ लाखांहून अधिक रक्कम मोजली होती. पवनच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो भारताचा कर्णधार होता. तरीही टायटन्स २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाशी राहिले. सात जणांच्या खेळात एकाच स्थानी सर्व भांडवल ओतले की उरलेली सहा स्थाने उपाशी राहतात, हा धडा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळण्याजोगा आहे.

अर्थात पोरांच्या बाजूने बोलणाऱ्या चाहत्याने सोयीस्करपणे विसरू नये, अशाही काही गोष्टी आहेत. पलटणीच्या विजेतेपदात दोन कोटी पस्तीस लाखांस घेतलेल्या इराणच्या मोहम्मदरझा शादलूचा वाटा लहान नव्हता; त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. पुढील वर्षी तो हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये विजेतेपदही हरियाणाकडे गेले. पुण्याला त्या अकराव्या हंगामात बाद फेरीही गाठता आली नाही, कारण अस्लमला दुखापतीमुळे हंगामाचा मोठा भाग बाहेर बसावे लागले. तरुण खेळाडूवर उभारलेला संघ एका गुडघ्यावर किती अवलंबून असतो, हे त्या वर्षाने दाखविले. २०२५ मध्ये तोच संघ अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली साखळीत अव्वल आला, आदित्य शिंदेसारखा नवा चढाईपटू पुढे आला, दुसऱ्या पात्रता सामन्यात तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे हरवून अंतिम सामन्यापर्यंत गेला. धीर धरण्याचे फळ मिळते, पण ते दरवर्षी मिळत नाही. दरम्यान आकाश शिंदे आणि विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश हे दोघेही बंगळूरच्या संघात गेलेले असतात.

चाहत्याच्या मतात आणखी एक दोष संभवतो. त्याला चढाई दिसते, पकड तितकीशी दिसत नाही. दहा गुण मिळविणाऱ्या चढाईपटूचे नाव दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलांच्या तोंडी असते. कोपऱ्यात उभे राहून प्रतिस्पर्ध्यास बोनस रेषेपर्यंत येऊच न देणाऱ्या मुलाच्या खात्यावर मात्र काहीच जमा होत नाही. अबिनेश नडराजन व गौरव खत्री हे पलटणीने घडविलेले तरुण बचावपटू हे याचे चांगले उदाहरण होय. आणि ‘पुण्याच्या संघात मराठी मुलेच हवीत’ हा जो आग्रह अधूनमधून ऐकू येतो, त्यात तर फारसा अर्थ नाही. अबिनेश तमिळनाडूचा, गौरव हरियाणाचा, म्हणून त्यांची पकड सैल होत नाही. विचारावयाचे असेल तर असे विचारावे की, १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या प्रांताची हुतूतू जगाला दाखविली, आणि जेथील बुवा साळवींसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचून या खेळास देशभर मान्यता मिळवून दिली, त्या प्रांताला राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी २०१८ च्या जानेवारीपर्यंत अकरा वर्षे वाट का पाहावी लागली?

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. चाहता ज्याला ‘उगवता खेळाडू’ म्हणतो, तो त्याला दिसतो तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा झालेला असतो. लीगच्या भाषेत त्याचे नाव ‘नवा तरुण खेळाडू’. करारावर सही झाल्यावर त्याचा आहार, निवास, प्रशिक्षक, वैद्य या सर्वांचा खर्च संघमालक करतो, आणि त्याबद्दल त्याला पुढे लाभही मिळतो. परंतु त्याआधीच्या आठ-दहा वर्षांचा खर्च कोणी केलेला असतो? शेतमजुरी करणाऱ्या आईने, संध्याकाळी वेळ देणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने, वर्गणी काढून गावोगावच्या स्पर्धांना संघ नेणाऱ्या तालीम-मंडळाने. या उत्पादनखर्चाची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते. ज्या वस्तूचा खर्च एकाने करावयाचा आणि मोबदला दुसऱ्याने घ्यावयाचा, तिचे उत्पादन समाजाच्या गरजेपेक्षा नेहमी कमी होते. मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावातील मंडळे एकेकाळी राज्याला खेळाडू पुरवीत, कारण गिरणी कामगारांची वस्ती त्यांच्या पाठीशी होती. बँका, रेल्वे आणि मोठ्या कारखान्यांचे संघ नोकरी देत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर तो आधारही खचत गेला. लीगच्या रूपाने पैसा परत आला खरा, पण तो वरच्या मजल्यावर आला.

कळसाडीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ६९ हून अधिक आहे. कुपोषणाच्या बाबतीत देशातील सर्वाधिक ग्रस्त जिल्ह्यांत त्याची गणना होते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, आणि शालेय क्रीडास्पर्धांचे विभाग व राज्य पातळीवरचे टप्पे साधारण त्याच महिन्यांत येतात. तालुक्याला जिंकलेला मुलगा विभागाच्या वेळी फडावर असेल, तर त्याच्या चपळाईची मोजदाद कोण करणार? मातीवर खेळलेल्या मुलाला मॅटवर उतरल्यावर बुटांत पाय कसा फिरवावा, हे शिकण्यातच वर्ष जाते. बचावपटूला तर वजन लागते, आणि वजन हे दूध, अंडी, डाळ यांतून येते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत दरवर्षी कबड्डीच्या स्पर्धा होतात. तेथील मुलांत काटकपणा असतो, श्वास असतो, धिटाई असते. कमी पडतो तो चौदा ते अठरा या वयातील सलग चार वर्षांचा आहार व सराव.

(मुलींचा विचार तर चाहत्यांच्या या चर्चेत जवळजवळ होतच नाही. हांगचौला भारतीय महिलांनी चिनी तैपेईस २६-२५ असे हरवून सुवर्ण मिळविले. पण त्यांच्यासाठी पुरुषांसारखी लीग नाही, म्हणून त्यांच्यातील ‘उगवत्या’ कोण, हे विचारणाराही नाही.)

फुटबॉलने या प्रश्नावर एक उत्तर शोधले आहे. जागतिक संघटनेने २००१ साली नियम केला की, खेळाडू करारात असतानाच एका क्लबातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर हस्तांतरणाच्या रकमेपैकी शेकडा पाच हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी घडविले, त्या क्लबांत वाटला जावा. ब्राझीलमधील किंवा सेनेगलमधील एखाद्या लहानशा क्लबाला यातून वर्षभराचा खर्च मिळून जातो. कबड्डीला हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. आपल्या लिलावातील रक्कम हे खेळाडूचे वेतन असते. ती एका संघाने दुसऱ्याला दिलेली किंमत नसते. तिच्यातून कपात करणे म्हणजे शेतमजुराच्या मुलाच्याच खिशात हात घालणे होय.

कपात करावयाची ती प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून. २०२१ मध्ये पुढील पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ९०८.७ कोटी रुपयांस गेले. म्हणजे वर्षाला सुमारे १८१ कोटी ७४ लाख. त्याचे शेकडा दोन काढले तर तीन कोटी त्रेसष्ट लाख होतात. बारा संघांत सरासरी वीस खेळाडू धरल्यास दरडोई सुमारे दीड लाख रुपये पडतात. लीगच्या हिशेबात ही रक्कम उठून दिसणार नाही. एखाद्या ग्रामीण मंडळास मात्र तिच्यातून दहा-बारा मुलांचा खुराक, प्रवास आणि वापरलेल्या मॅटची सोय करता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. खेळाडू कोणी घडविला, हे ठरवावयाचे कसे, हा पहिला. तो फारसा टिकणारा नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना शेकडा पाच आरक्षण आहे, आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी करणारी यंत्रणा वर्षानुवर्षे काम करीत आहे. कोणत्या शाळेकडून, कोणत्या जिल्ह्याकडून मुलगा खेळला, याचे प्रवेशअर्ज शिक्षकांनी भरलेले असतात आणि लिपिकांनी नोंदविलेले असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या गावातून खेळाडू निघाला त्यालाच पैसा मिळणार असेल, तर ज्या गावातून अजून कोणीच निघाला नाही, त्याच्या वाट्याला काय? सारा निधी हरियाणाच्या काही गावांकडे आणि महाराष्ट्रातील चार-पाच जिल्ह्यांकडेच वाहत जाईल. म्हणून या रकमेचा निम्मा भागच घडविणाऱ्या संस्थांना द्यावा. उरलेला, लीगमध्ये एकही खेळाडू नसलेल्या जिल्ह्यांतील शाळा व आश्रमशाळांच्या संघांसाठी राखून ठेवावा, आणि त्याचा विनियोग स्पर्धांच्या उद्घाटनांवर न होता मुलांच्या आहारावर व प्रवासावर व्हावा, अशी अट घालावी.

२०२१ च्या करारातील पाच हंगाम बाराव्या हंगामाबरोबर संपले. अशी तरतूद घालावयाची तर ती प्रक्षेपणहक्कांच्या नव्या करारातच घालावी लागेल. एकदा सह्या झाल्यावर आणखी काही वर्षे तिला जागा मिळणार नाही. राज्य कबड्डी संघटना, क्रीडा संचालनालय आणि आदिवासी विकास विभाग या तिघांनी एकत्र येऊन हा प्रस्ताव लीगपुढे ठेवावा, आणि तोवर जिल्हा क्रीडा कार्यालयाने निदान एवढे करावे की, तालुका जिंकलेल्या मुलाचे कुटुंब ऊसतोडीस गेले असल्यास, विभागीय स्पर्धा संपेपर्यंत त्याची व्यवस्था एखाद्या वसतिगृहात व्हावी.