बदलून टाका!

‘बदलून टाका’ हा मंत्र ज्या कोणी प्रथम उच्चारला, त्याची बस शिंदेवाडीच्या उतारावर कधी बंद पडली नसावी. पडली असलीच, तर तिचे पैसे दुसऱ्याने भरलेले असावेत. मी ह्या मंत्राच्या विरुद्ध आहे. इतका विरुद्ध, की परवा डोळ्यांचे डॉक्टर “नंबर बदलून टाकू” म्हणाले, तेव्हा मी त्यांना आधी काच पुसून बघायला सांगितलं. (काच पुसूनही दिसेना, हा भाग वेगळा.)

बँकेतल्या कारकुनाचा आणि बसचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. ती चुकते एवढाच संबंध मीही इतकी वर्षं मानत आलो होतो. पण मला एक मेव्हणा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो घरी आला, बहिणीच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, “दाजी, शाळेची बस घेतोय. तुम्ही निम्मे घाला.”

त्याचं असं झालं होतं, की सासूबाईंचे वाईजवळ वीस गुंठे आहेत. त्यातलं जुनं घर एका पावसाळ्यात बसलं. पुन्हा बांधायचा खर्च ऐकून आम्ही सगळेच बसलो. सासूबाईंनी मात्र तिकडेच राहायचा हट्ट धरला. अशा वेळी मेव्हण्याने मोबाइलवर अमेरिकेतली मंडळी बघितली. तिथं शाळेच्या निवृत्त बसगाड्या घेऊन आतली बाकं काढतात, ओटा-पलंग बसवतात आणि खुशाल राहतात. ह्या घराला ते लोक ‘स्कूली’ म्हणतात. घर बसलं, तर बसचंच घर करू, हा हिशेब मला पटला. मेव्हण्याकडे अवजड वाहनाचा परवाना होता. पूर्वी तो एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचा. त्यामुळे गाडी वाईला न्यायचा प्रश्न नव्हता, असं आम्हांला वाटलं.

गाडी २००७ ची. एक लाख पंच्याऐंशी हजार. माझे साडेब्याण्णव हजार मी आमच्या पतपेढीतून कर्ज काढून दिले. विकणारे एक काका होते. त्यांनी वीस वर्षं शाळेची पोरं वाहिली. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यांची गाडी वडगावच्या एका मोकळ्या प्लॉटमध्ये दोन वर्षं उभी राहिली. पुढे शाळा उघडल्या, तोवर शाळेने दुसरीकडे कंत्राट दिलं होतं. काकांनी २०२२ च्या मेमध्ये आशेनं पासिंग करून घेतलं, पण पुरेशी पोरं काही मिळाली नाहीत. विकायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीला पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. किल्ली देताना ते गाडीकडे बघत नव्हते. हा रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालवाहू किंवा प्रवासी गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली, की तिला दर वर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. आमचा दाखला संपायला बावीस दिवस उरले होते. तेवढ्यात गाडी वाईला पोचवायची, एकदाच. नव्वद किलोमीटरचा तर प्रश्न. पायी निघालो असतो तरी आधी पोचलो असतो.

पहिल्या दिवशी पंपावर साठ लिटरची टाकी काठोकाठ भरली. दरी पूल ओलांडला, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर आलो, आणि अकराव्या किलोमीटरला गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती शिंदेवाडीच्या अलीकडे शांत झाली. मिस्त्री आला. त्याने पहिलं काय केलं, तर टाकीचं झाकण उघडलं, आत काठी घातली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “डिझेल आहे ना?” डिझेल असल्याची खात्री पटल्यावर तो म्हणाला, “फिल्टर चोक. बदलून टाका.” बदलला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हाताचा पंप मारून त्याने एअर काढली. सेल्फ मारला. गाडी चालू. मी धन्य झालो.

आता इथे बी.कॉम. माणसाला समजली तेवढी इंधनाची व्यवस्था सांगतो. डिझेल टाकीतून निघतं. एक छोटा फीड पंप ते ओढतो, फिल्टरमधून गाळून मोठ्या पंपाला देतो. मोठा पंप प्रचंड दाबाने नोझलला देतो, नोझल इंजिनात फवारा मारतं. उरलेलं डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत. म्हणजे आपल्या बँकेसारखंच: खिडकीवर एकाने घ्यायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने दाबायचं आणि उरलेलं परत मूळ जागी. ह्यातली प्रत्येक वस्तू मागचीपेक्षा महाग. फिल्टर शेकड्यांत, फीड पंप हजारांत, मोठा पंप न नोझल दहा हजारांच्या पुढे. आणि ‘बदलून टाका’ पंथाचा एक नियम असा, की चढायचं ते नेहमी महागाकडे. स्वस्ताकडे परत वळणं हे भित्रेपणाचं लक्षण.

दुसऱ्या खेपेला गाडी एकोणतीस किलोमीटर गेली. मिस्त्री नंबर दोन. झाकण, काठी, “डिझेल आहे ना?” मग निदान: फीड पंप. बदलला. गाडी चालू. शिवाय टाकीच्या तळातून पाणी आणि काळा चिखल निघाला. हे मात्र खरं दुखणं होतं. अर्धवट भरलेली टाकी दोन पावसाळे उभी राहिली, की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर सूक्ष्म जीव संसार मांडतात. टाकी उतरवून धुतली. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीलाही चिरा पडल्या होत्या; तीही नवी घातली. ह्याबद्दल माझी तक्रार नाही. चीर दिसली, नळी बदलली. बघून बदलणं आणि बदलून बघणं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एवढंच माझं म्हणणं.

तिसऱ्या खेपेला सगळ्यांच्या सल्ल्याने टाकी पुन्हा काठोकाठ भरली. “कमी डिझेल असलं, की गाडी एअर ओढते” असं पंपावरचा पोरगा, पानवाला आणि आमचे शाखाधिकारी ह्या तिघांचं एकमत झालं होतं. पुन्हा अकरा किलोमीटर! आता उरला मोठा पंप. गाडी ओढून परत आणली. पंप आणि नोझल उतरून, उघडून, तपासून, पार्ट बदलून परत बसले. गॅरेजात गाडी तासभर चालू ठेवून दाखवली. मेव्हण्याने मिस्त्रीला पेढे दिले. दाखला संपायला सहा दिवस.

तुम्ही म्हणाल, पण बदलल्यावर गाडी चालू व्हायची ना? व्हायची. तिथंच तर सगळं पाणी मुरतं. ताईत बांधल्यावर ताप उतरतो, म्हणून ताइताची फॅक्टरी चालते. गाडी प्रत्येक वेळी चालू झाली, आणि प्रत्येक वेळी त्याचं श्रेय सगळ्यांत नव्या बिलाला मिळालं.

मी २००२ साली बँकेत लागलो, तो एका खेड्यातल्या शाखेत. लेजर अजून हातानं लिहायची. संध्याकाळी बेरीज जुळली नाही, तर कोणी ‘लेजर बदलून टाका’ म्हणत नसे. आमच्या हेडक्लार्कनी शिकवलं होतं, की फरक आला तर आधी नऊने भागून बघ. सत्तावीसचा फरक म्हणजे कुणीतरी एक्केचाळीसचे चौदा लिहिलेले असायची शक्यता. आकड्यांची उलटापालट झाली, की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. मग गुपचूप पहिल्या नोंदीपासून टिक मारत यायचं. नऊ वाजोत, एस. टी. जावो. ही सवय अंगात असल्यामुळे मी गाडीचीही एक वही ठेवली होती. मेव्हणा तिला हसायचा. वहीत दोनच रकाने: निघताना टाकीत डिझेल किती, आणि बंद पडली किती किलोमीटरला. पूर्ण: अकरा. पाऊण: एकोणतीस. पूर्ण: अकरा. म्हणजे टाकी जितकी भरलेली तितकी गाडी लवकर बंद! हे लोकमताच्या अगदी उलट होतं. मी वही तिसऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी ती उलटी धरून बघितली आणि म्हणाले, “साहेब, गाडी वहीवर नाही चालत.”

त्याच मिस्त्रींशी मी नंतर भांडलो, तेव्हा ते एक वाक्य बोलले. ते इथे नोंदवलं नाही, तर मी खोटा ठरेन. ते म्हणाले, “बघायचे पैसे कोण देतं, साहेब? दोन तास बघितलं आणि भोक मोकळं केलं, तर तुम्ही पन्नास रुपये हातावर ठेवणार, वर म्हणणार, केलं काय? पार्ट घातला, की बिल होतं.” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने नुसती वायर खोचली, म्हणून मी त्याला चहावर कटवलं होतं. तेव्हा ‘बदलून टाका’चे पुजारी एका बाजूला असले, तरी दक्षिणा टाकणारे आपणच आहोत.

पण हे भांडण नंतरचं. आधी खंबाटकी.

चौथ्या खेपेला सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. पैसे संपले होते, म्हणून टाकी निम्मीच होती. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, आणि खंबाटकीच्या चढावर बावन्नाव्या किलोमीटरला तेच आचके. मागे ट्रकांची रांग. मेव्हणा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी त्याला धीर द्यायला काही बोललो नाही. माझाही निम्मा हिस्सा होता.

मी खाली उतरलो आणि मिस्त्री नसल्यामुळे त्याचं पहिलं काम स्वतः केलं. झाकण फिरवलं. आणि टाकीने सुस्कारा सोडला. सोडला कसला, आत ओढला! चांगला दोन-तीन सेकंद. हातातलं झाकण तोंडाला चिकटू बघत होतं. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, “अहो, डब्याला दुसरं भोक कुठाय?”

“कसलं भोक?”

“तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात की. एकानं तेल येतं, दुसऱ्यानं वारा जातो. एकच पाडलं, तर तेल येतंय व्हय?”

झाकणाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं. बाहेरच्या बाजूला ते दिसत नव्हतं, कारण त्याच्यावर काकांच्या ऑइलपेंटचे दोन हात होते. डिझेल जाई, त्याच्या जागी हवा येत नसे. टाकीत पोकळी होई आणि अखेर फीड पंप हरे. टाकी भरलेली, म्हणजे वर हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. गॅरेजात नुसती उभी चालू ठेवली, तर डिझेल जळतंच किती? आणि प्रत्येक मिस्त्री आल्या आल्या झाकण उघडून “डिझेल आहे ना?” विचारायचा. ह्या प्रश्नाचा मला दर वेळी अपमान वाटला होता. ह्या दुखण्यावर लागू पडलेलं औषध तेवढं एकच होतं. ते ते फुकट देऊन पुढचं बिल करत होते, आणि हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी पदराची पिन काढून दिली. गाडी थेट वाईला.

हिशेब: फिल्टर ८५०, टाकी धुणं १,२००, नळी आणि वॉशर ६४०, फीड पंप २,३००, पंप-नोझल १६,५००, ओढून आणणं ६,०००. एकूण २७,४९०. पैकी खरे लागायचे होते २,६९०. उरलेले २४,८०० मी वहीत ‘सस्पेन्स’ खाती टाकले आहेत. ते खातं अजून उघडं आहे.

दिवाळीनंतर सासूबाईंनी बसमध्ये सत्यनारायण घातला. काकांनाही बोलावलं होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, ओटा बघितला, पडदे बघितले, आपल्या जुन्या सीटवर जरा बसले. मग टाकीपाशी उभे राहिले. झाकणावरचा रंग आम्ही चांगला खरवडला होता.

“एवढ्या ठिकाणी रंग उडालाय की,” ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक छोटा डबा आणि ब्रश बाहेर काढला. “उरला होता थोडा. म्हटलं, कुठं लागला तर.”

तेवढ्यात आतून प्रसादाला हाक आली. काका ब्रश डब्यावर ठेवून आत गेले. मी मात्र त्या झाकणाला पाठ लावून तिथंच उभा राहिलो. माझा प्रसाद मेव्हण्याने बाहेर आणून दिला.