शिरस्त्राणातील आवाजाची किंमत

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. परंतु मालवण, देवगड, वेंगुर्ले ही किनाऱ्यावरील गावे लोहमार्गापासून दूर ती दूरच राहिली. कणकवली किंवा कुडाळ स्थानकावर उतरलेल्या माणसाला समुद्र गाठायचा तर एस. टी. ची वाट पाहावी लागते, नाहीतर रिक्षाचे भाडे मोजावे लागते. ओरोसच्या कचेऱ्यांतील कारकून, कट्टा-चौके परिसरातील शिक्षक, कुडाळ-मालवणच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी या सर्वांनी या अडचणीवर आपापल्या ऐपतीप्रमाणे तोडगा काढला, तो दुचाकीचा. आता दुचाकीस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असते, निदान असावे अशी कायद्याची अपेक्षा असते; आणि त्याच्या खिशात मोबाइल असतो. डोके झाकलेले आणि खिसा वाजतो आहे, या पेचातून एक नवी बाजारपेठ उभी राहिली आहे. हेल्मेटच्या आत आवाज पोहोचवणाऱ्या साधनांची ही बाजारपेठ आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि मध्यमवर्गीय माणूस आपला पैसा कोणत्या क्रमाने खर्च करतो, याची परीक्षा असल्याच क्षुल्लक खरेदीत होते.

गरज खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७९ साली जपानमध्ये वॉकमन बाजारात आला आणि रस्त्याने चालणाऱ्या माणसाला स्वतःपुरते गाणे मिळाले. त्याआधी मुंबईच्या चाकरमान्याने गावी आणलेला ट्रान्झिस्टर साऱ्या वाडीचा असे. आज प्रश्न केवळ गाण्याचा नाही. घरी आजारी माणूस असतो, अनोळखी आडरस्त्यावर मोबाइलचा नकाशा वाट सांगत असतो, परीक्षेची वेळ बदललेली असते. यावर सर्वांत स्वस्त उपाय लोकांनी स्वतःच शोधला आहे. हेल्मेट आणि गाल यांच्या फटीत मोबाइल खुपसायचा आणि बोलत बोलत गाडी हाकायची! या उपायाला एक पैसाही पडत नाही, म्हणून तो लोकप्रिय आहे. आणि खरे पाहता तोच सर्वांत महाग आहे. फटीत कोंबलेल्या मोबाइलमुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, मान वाकडी राहते, आणि मोबाइल निसटू लागला की हात आपोआप वर जातो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात संपर्कसाधन धरणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार ठरवला, तो उगाच नव्हे.

मग योग्य साधन कोणते? याचे उत्तर शोधण्यापूर्वी खर्चाचा क्रम ठरवावा लागेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांची संख्या त्यांत ५०,०२९ होती आणि त्यांतील १४,३३७ जण मागच्या आसनावर बसलेले होते. हेल्मेटमुळे स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा एकत्रित विचार करून संशोधकांनी सांगितले आहे. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह असलेलेच हेल्मेट विकण्याचे बंधन आपल्याकडे लागू आहे. असे असताना रस्त्याच्या कडेला मिळणारी तीनशे रुपयांची टोपी डोक्यावर ठेवून तिच्या आत दोन हजारांचा ध्वनिसंच बसवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ज्याच्याकडे अडीच हजार रुपये आहेत त्याने त्यांतील मोठा वाटा हेल्मेटवर खर्च करावा. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घ्यावे. त्यातून उरेल त्यात आवाजाची सोय पाहावी. आवाजाचे साधन ही हेल्मेटची पुरवणी आहे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

या पुरवणीसाठी हेल्मेटच्या अंगावर सुरी चालवणे हा तर शुद्ध आत्मघात होय. हेल्मेटचे बाहेरचे कवच टणक असते. पण आघात जिरवण्याचे खरे काम आतला थर्माकोलसारखा जाड थर करतो. तो स्वतः चिरडतो म्हणून कवटी वाचते. स्पीकर बसत नाही म्हणून हा थर कोरणारा कारागीर गिऱ्हाईकाचे पैसे घेऊन त्याचेच संरक्षण कापून काढीत असतो. आजकाल अनेक हेल्मेटांत कानाच्या जागी कापडी अस्तराखाली मुळातच खळगा ठेवलेला असतो. त्या खळग्यात मावेल एवढाच पातळ स्पीकर घ्यावा. ज्या हेल्मेटात खळगा नाही, त्यात तो बसवण्याचा मोह टाळावा.

आता प्रश्न कानाचा. हेल्मेट डोके वाचवते. वाऱ्याचा आवाज मात्र ते फारसे अडवत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलपर्यंत पोहोचू शकतो, असे परदेशांतील मोजमापांवरून दिसते. त्याहून अधिक वेगात तो इंजिनालाही मागे टाकतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक असा आहे की, ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसावा आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास. या हिशेबाने ९० डेसिबलच्या वाऱ्यात अडीच तासांची मुभा उरते. पण त्या वाऱ्यावर मात करण्यासाठी स्वाराने कानातला आवाजही तेवढाच वाढवला, तर दोन्ही मिळून ९३ डेसिबल होतात आणि मुभा सव्वा तासावर येते. कुडाळ ते मालवण हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन रोज तासाभराचा प्रवास करणाऱ्या शिक्षकाची कानाची दिवसभराची शिल्लक वर्गाची घंटा आणि मुलांचा गलका हिशेबात धरण्याआधीच बहुतेक खर्ची पडते. कानाची ही हानी दुखत नाही, रक्त काढत नाही. ती पंधरा वर्षांनी कळते आणि भरून येत नाही. दुकानातल्या पावतीवर हा खर्च लिहिलेला नसतो, इतकेच.

याच हिशेबातून एक स्वस्त उपायही हाती लागतो. वेग उतरला की वाऱ्याचा आवाज झपाट्याने उतरतो. ताशी चाळीसच्या वेगात साध्या साधनातूनही बोलणे समजते. सत्तरच्या वेगात महागडे साधनही केवळ ओरडते. किनाऱ्याकडच्या वळणावळणांच्या अरुंद रस्त्यांवर चाळीसचा वेग हाच मुळात शहाणपणाचा वेग आहे. तेव्हा चांगल्या आवाजासाठी पहिली गुंतवणूक खिशातून करावी लागत नाही, ती उजव्या मुठीतून करावी लागते.

बाजारात मिळणाऱ्या साधनांचे ढोबळ चार वर्ग पडतात. पहिला वर्ग तारेच्या इयरफोनचा. शे-दोनशे रुपयांत काम होते. परंतु हेल्मेट चढवता-उतरवताना तार अडकते आणि बोळा कानातून निघतो. दुसरा वर्ग बिनतारी इयरबड व मानेभोवतीच्या नेकबँडचा. साधारण हजार ते दोन हजार रुपयांत ते मिळतात आणि गाडीवरून उतरल्यावरही उपयोगी पडतात. त्यांचा दोष असा की ते कानाचे भोक बुजवतात, आणि नेकबँडचा मायक्रोफोन हेल्मेटच्या बाहेर वाऱ्यात राहिल्याने पलीकडच्या माणसाला बोलण्याऐवजी वादळ ऐकू येते. तिसरा वर्ग हेल्मेटच्या अस्तरात चिकटवण्याच्या स्पीकरसंचाचा. साधे संच हजार ते तीन हजारांपर्यंत मिळतात. कान मोकळा राहतो, मायक्रोफोन तोंडाजवळ येतो. चौथा वर्ग स्वारांना आपसांत बोलू देणाऱ्या इंटरकॉमचा; नामांकित कंपन्यांचे असे संच दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. पुण्या-कोल्हापुराहून दहा-दहा मोटारसायकलींच्या जथ्याने तारकर्लीला येणाऱ्या हौशी मंडळींना त्याचा उपयोग असेल. एकट्याने शाळेत जाणाऱ्या शिक्षकाने तो घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ज्याला बोलायला दुसरा स्वारच नाही, त्याला किलोमीटरभर पल्ल्याचे काय करायचे?

सामान्य नोकरदाराला यांतून तिसऱ्या वर्गातील साधा संच पुरेसा आहे. त्यात काय पाहावे? कंपनीच्या नावापेक्षा स्पीकरची जागा महत्त्वाची. तो कानाच्या भोकाच्या अगदी समोर आला तर स्वस्त संचही स्वच्छ ऐकू येतो; बोटभर पुढे-मागे झाला तर महाग संचाचेही पैसे वाया जातात. बटणे थोडी आणि हातमोज्यांतून चाचपता येतील एवढी मोठी असावीत. मायक्रोफोनवर फोमची टोपी असावी. आणि कोकणात तरी पाण्यापासूनच्या संरक्षणाचा अंक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात ‘आयपीएक्स४’ म्हणजे केवळ शिंतोड्यांपुरते संरक्षण. ‘आयपी६७’ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि मीटरभर पाण्यात अर्ध्या तासाची हमी. पावसाळ्यातही रोज गाडी काढणाऱ्याने निदान पाण्याच्या झोताला पुरे पडणारा अंक पाहावा. खारा वारा तर पावसाहूनही चिवट. तो चार्जिंगच्या तोंडाचा धातू हळूहळू खातो. त्यावर रबराचे झाकण आहे की नाही, ही पाच पैशांची गोष्ट दोन हजारांच्या वस्तूचे आयुष्य ठरवते. वैशाखाच्या उन्हात आरशाला अडकवून ठेवलेल्या हेल्मेटमधील बॅटरी लवकर म्हातारी होते, हेही ध्यानात ठेवावे.

कान मोकळा राहण्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी. घाटात आणि आडवळणांवर समोरून येणारी एस. टी. आधी दिसत नाही, ती आधी ऐकू येते. रानातून अचानक रस्त्यावर उतरणाऱ्या गुरांची चाहूलही कानालाच लागते. डोळ्यांत आणि कानांत चार बोटांचे अंतर असते, असे आपण ऐकीव गोष्टींना कमी लेखण्यासाठी म्हणतो. वळणावर मात्र तो न्याय उलटा होतो. बाहेरचा आवाज पुसून टाकण्याची जी सोय इयरबडच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, ती विमानात बसलेल्यासाठी वरदान असेल. दुचाकीवर ती बंदच ठेवलेली बरी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि मागचा वाहनचालक उजवीकडून पुढे जातो. सबब, दोन स्पीकर असले तरी आवाज डाव्या कानापुरता ठेवून उजवा कान रस्त्याला द्यावा. यात जादा खर्च काहीच नाही.

इतके सारे करूनही एक प्रश्न उरतोच, आणि तो कोणत्याही दुकानात सुटणारा नाही. हात मोकळे झाले म्हणजे मन मोकळे झाले असे नाही. वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात न लावता बोलण्याची साधने याबाबत फारशी अधिक सुरक्षित नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नकाशाने ‘पुढे डावीकडे वळा’ म्हणणे आणि वरिष्ठांनी थकलेल्या अहवालाचा जाब विचारणे, या दोन आवाजांनी मनावर पडणारा भार सारखा नसतो. पहिला आवाज रस्त्याकडे लक्ष वळवतो. दुसरा रस्त्यावरून माणूसच उचलून कचेरीत नेऊन बसवतो. गाडी मात्र त्या वेळीही चालूच असते.

अर्थशास्त्रात अनेक वस्तूंची मागणी ही दुसऱ्या कशाच्या तरी मागणीतून जन्मलेली असते. हेल्मेटमधील ध्वनिसंचाची मागणीही तशीच. तिच्या मुळाशी संगीताची हौस थोडी आणि ‘फोन लगेच उचलला पाहिजे’ ही धास्ती अधिक आहे. पूर्वी मुख्याध्यापकाला ठाऊक असे की शिक्षक वाटेत आहे, आणि तो पोहोचेपर्यंत शाळा थांबत असे. आता कोणी थांबत नाही. कर्मचारी कामावर येण्याच्या किंवा घरी परतण्याच्या वेळेत त्याला फोन करणारा अधिकारी आपल्या सोयीचा खर्च दुसऱ्याच्या जिवावर टाकीत असतो. हा खर्च तो स्वतः भरत नाही, म्हणून तो करीत राहतो. येण्या-जाण्याच्या तासाभरात कोणालाही फोन करायचा नाही आणि न उचललेल्या फोनबद्दल खुलासा मागायचा नाही, असा साधा शिरस्ता शाळा, बँका आणि कचेऱ्या उद्यापासून पाडू शकतात. त्याला ना अनुदान लागते, ना शासकीय परिपत्रक. घरच्या माणसांनीही हा शिरस्ता पाळला पाहिजे, ‘कुठे पोहोचलास?’ या काळजीच्या प्रश्नानेच पोहोचणे लांबू नये.

तेव्हा ज्याला साधन घ्यायचे आहे त्याने अवश्य घ्यावे. आधी चिन्हांकित हेल्मेट, मग मोकळा कान, मग पावसाला टिकणारा साधा संच, हा क्रम पाळावा. वाट सांगणारा आवाज ऐकावा. फोन वाजला तर गाडी कडेला, आंब्याच्या सावलीत घ्यावी, इंजिन बंद करावे आणि मग बोलावे. चौक्यापासून मालवणापर्यंतच्या रस्त्याला सावलीची उणीव नाही.