जात वेगळी, ठेकेदार एकच



तरुण मित्रांनो, चार तारखा सांगतो. नीट वाचा.

1 सप्टेंबर 2023. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. महाराष्ट्रभर आगडोंब उसळला. त्यानंतर पाच दिवसांनी, 6 सप्टेंबरला, राज्य सरकारने एक जीआर काढला : सरकारी कार्यालयांना लागणारं मनुष्यबळ नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी पद्धतीने घ्यायचं.

2 सप्टेंबर 2025. मुंबईत आझाद मैदानावरचं मनोज जरांगे यांचं उपोषण सुटलं, हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला. दुसऱ्या दिवशी, 3 सप्टेंबरला, राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली.

हा योगायोग असेलही. सरकारने ठरवून तारखा जुळवल्या असं माझं म्हणणं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या दोन आठवड्यांत तुमच्या मोबाईलवर काय फिरत होतं? आरक्षण कोण पळवतंय, कोण कोणाच्या ताटातलं खातंय, कोणाची लायकी काय. बारा तासांच्या पाळीवर किती मेसेज आले? ज्यांना बारा तास उभं राहायचं आहे ते सगळे एकमेकांशी भांडण्यात गुंतले होते.

आता कामोठ्यात या. इथली कुठलीही एक इमारत घ्या. एका मजल्यावर साताऱ्याचं मराठा कुटुंब, शेजारी बीडचं वंजारी, समोर नांदेडचं बौद्ध, वरच्या मजल्यावर मातंग, कोपऱ्यातल्या खोलीत भाड्याने राहणारे उत्तर प्रदेशचे भाऊ. कोणी तळोजा एमआयडीसीत ठेकेदाराकडे, कोणी जेएनपीटीच्या कंटेनर यार्डात, कोणी सिक्युरिटीला, कोणी दिवसभर गाडीवर डिलिव्हरी करतोय. घरातली बाई खारघरला चार घरची कामं करते, नाहीतर कुठल्यातरी रुग्णालयात हाऊसकीपिंगला जाते. तीही ठेकेदाराकडूनच. घराचा हप्ता, नाहीतर भाडं. मुलांच्या शाळेची फी. गावी म्हाताऱ्या आईबापाला पाठवायचे पैसे. महिना संपायच्या आधी पगार संपतो. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली. सिडको सेवाशुल्क घेतच होती, तरी महापालिकेने मागच्या वर्षांपासूनचा मालमत्ता कर लावला आणि कामोठे, खारघर, कळंबोलीची माणसं दुहेरी कराविरुद्ध ओरडू लागली. त्या बिलावर जातीचा रकाना नव्हता. बिल सगळ्यांना आलं.

पण निवडणूक आली की हीच इमारत जिन्यापासून गच्चीपर्यंत फाटते. मजला तोच, मतदान जातीचं. ठेकेदार एकच, शत्रू मात्र शेजारचा.

जरा हिशोब करू. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या. अर्ज आले सुमारे 17 लाख 76 हजार. म्हणजे एका जागेमागे शंभरावर पोरं. पहाटे उठून मैदानावर धावणारी ही पोरं मराठा होती, धनगर होती, आगरी होती, बौद्ध होती, मातंग होती. आरक्षणाची टक्केवारी कशीही फिरवा, शंभरातले नव्याण्णव घरी परतणारच होते. ते नव्याण्णव गावी जाऊन काय म्हणतात? मराठा म्हणतो, एससीमुळे गेली. ओबीसी म्हणतो, मराठ्यामुळे जाणार. जागा शंभराला एक का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

इथे गैरसमज नको. शंभरातला तो एक कोण, याला महत्त्व आहेच. आरक्षण हा गरिबी हटावचा कार्यक्रम नाही. ज्या खुर्चीपर्यंत आपल्याला हजारो वर्षं पोहोचू दिलं नाही, त्या खुर्चीतला तो आपला वाटा आहे, आणि तो मागताना आपण कोणाचे उपकार घेत नाही. पण ती खुर्चीच ठेकेदाराच्या गोदामात गेली तर वाटा कशात मागणार? एजन्सीच्या भरतीला बिंदुनामावली नसते, अनुशेष नसतो, जात पडताळणीही नसते. असतो फक्त सुपरवायझरचा फोन. म्हणून 6 सप्टेंबरचा तो जीआर संविधानाच्या कलम 16(4) वर न बोलता घातलेला घाव होता. आणि तोच घाव जनरलच्या जागेवर बसण्याचं स्वप्न पाहणाऱ्या मराठा पोरावरही होता.

म्हणूनच पुढे काय झालं ते लक्षात ठेवा. त्या जीआरविरुद्ध राज्यभरातली स्पर्धा परीक्षेची पोरं उठली. त्यात सगळ्या जातींची पोरं होती. 20 ऑक्टोबर 2023 ला सरकारला जीआर रद्द करण्याची घोषणा करावी लागली. सुमारे दीड महिन्यात! जातीजातीच्या मोर्चांना वर्षानुवर्षं झुलवणारं सरकार इथे दीड महिन्यात का वाकलं? कारण या वेळी एका जातीला दुसऱ्या जातीसमोर उभं करता आलं नाही. कंत्राटीकरण संपलं नाही, ते दुसऱ्या दारांनी चालूच आहे. पण सरकार कशाला घाबरतं, हे त्या महिन्यात दिसलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतली गरीब कुटुंबं बघा. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, कारखाने परदेशी गेले, औषधपाण्याचा खर्च माणसाला कर्जात बुडवतो. त्यात गोरे आहेत, काळे आहेत, लॅटिनो आहेत. दु:ख सारखं, पण मतं एकमेकांच्या विरोधात. वेस्ट व्हर्जिनिया हे तिथलं अतिशय गरीब राज्य. तिथली बहुसंख्य गोरी माणसं ट्रम्प यांच्या मागे उभी राहिली, आणि जुलै 2025 मध्ये त्याच सरकारने गरिबांच्या आरोग्य योजनेत, मेडिकेडमध्ये, मोठी कपात करणारा कायदा केला. राग आला स्थलांतरितांचा, कात्री लागली स्वत:च्या औषधाला.

याचं कारण डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताने 1935 मध्येच सांगून ठेवलं होतं. गोऱ्या मजुराला मजुरी कमी मिळत होती, पण वर एक जास्तीची मजुरी मिळत होती : प्रतिष्ठेची. तू गरीब असशील, पण काळा नाहीस. या समाधानावर तो मालकाला सोडून काळ्या मजुराशी भांडत राहिला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं. निग्रोंचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांतलं साम्य दोघांनाही दिसत होतं. आपल्याकडे ही वरची मजुरी जात देते. ठेकेदार पगार बुडवतो, पण वरात निघाली की मिशीला पीळ भरता येतो. आणि खालची पायरी नेहमी सापडतेच. ब्राह्मणाच्या खाली मराठा, मराठ्याच्या खाली कुणबी, त्याच्या खाली आणखी कोणी. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आणि 1936 मध्ये स्पष्ट केलं की जात श्रमाचीच विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीही विभागणी करते.

गरिबीलासुद्धा या देशात जात लावली जाते, याचा पुरावा हवा असेल तर 2019 ची 103 वी घटनादुरुस्ती बघा. आर्थिक दुर्बलांना 10 टक्के. चांगलं. पण त्यात एससी, एसटी, ओबीसीतले दुर्बल बसत नाहीत. 7 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तबही केलं. म्हणजे कामोठ्यातल्या एकाच मजल्यावरच्या दोन सारख्याच गरीब कुटुंबांपैकी एकच कुटुंब कायद्याने 'आर्थिक दुर्बल'! जे लोक आपल्याला सकाळ-संध्याकाळ 'जात सोडा, आर्थिक निकष घ्या' असं शिकवतात, त्यांनी या अन्यायावर कधी मोर्चा काढला?

म्हणूनच 'जातबीत विसरा, आपण सगळे गरीब आहोत' हे गोड बोलणं मला मान्य नाही. हे औषध बाबासाहेबांना 1928 मध्येही पाजायचा प्रयत्न झाला होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओलवावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. संपाच्या वेळी एकजुटीच्या घोषणा चालल्या होत्या. बाबासाहेबांनी विचारलं, तुमच्या मागण्यांच्या यादीत आमच्या लोकांना विणकाम खातं खुलं करण्याची मागणी कुठे आहे? मालकाने पगार कापला तर अन्याय, आणि सहकाऱ्याने दार बंद केलं तर तो धर्म?

पण याच बाबासाहेबांनी दार बंद करून घेतलं नाही, हेही सांगायला हवं. 15 ऑगस्ट 1936 ला त्यांनी पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. एक सांगून दुसरा लपवला नाही. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांना सोबत घेऊन संप केला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली, आणि 1946 मध्ये आठवड्याचे 54 तास 48 वर आले. तो फायदा फक्त महार कामगाराला झाला का? आज बारा तासांची पाळी येते तेव्हा जे काढून घेतलं जातं ते बाबासाहेबांनी सगळ्या जातींच्या कामगारांना दिलेलं आहे. हे शेजारच्या मराठा भावाला सांगायचं काम कोणाचं? आपलंच.

आणि हे लांबचं उदाहरण वाटत असेल तर आपल्याच रायगड जिल्ह्याचा इतिहास वाचा. त्या वेळचा कुलाबा जिल्हा. अलिबाग तालुक्यात चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 ला खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील नेते. कुळांनी जमीन कसायचं थांबवलं, वर्षानुवर्षं उपासमार काढली, पण माघार घेतली नाही. त्यात बहुसंख्य आगरी. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, इतरही होते. कुळांत आगरी होते, कुणबी होते, महार होते. महाडच्या तळ्यावर ज्यांनी माणूसपणाचा हक्क मागितला, त्यांनीच दहा वर्षांनी आगऱ्या-कुणब्यांच्या पोटाचा प्रश्न हातात घेतला. आज कामोठ्यातल्या किती आगरी पोरांना हे माहीत आहे? आणि 1984 च्या जानेवारीत दि. बां.च्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच जणांनी प्राण दिले, त्यातून साडेबारा टक्के आले आणि त्यावर आपल्या इमारती उभ्या आहेत, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? एकमेकांचे हुतात्मे माहीत नसतील तर एकजूट कशावर उभी राहणार?

आता घाटावरच्या मराठा भावांना एक सवाल. वाशीच्या बाजारात पोती उचलणाऱ्या तुमच्या बापजाद्यांना बोर्ड, भविष्यनिर्वाह निधी, ठरलेली मजुरी कशाने मिळाली? 1969 च्या माथाडी कायद्याने. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने तो लढून मिळवला. तो कायदा जात विचारत नाही, पाठीवर पोतं आहे का ते विचारतो. जातीच्या दाखल्यासाठी लाखोंनी मुंबईत येता, या. लोकशाहीत तो हक्क आहे. पण माथाडीसारखं संरक्षण कंटेनर यार्डातल्या, गोदामातल्या, डिलिव्हरीच्या प्रत्येक पोराला मिळावं म्हणून एकदा तरी याल का? आलात तर निळा झेंडा तुमच्या आधी तिथे असेल.

शेवटी आपल्या अंगणाकडे. 1 ऑगस्ट 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपवर्गीकरणाचा विषय पेटला. राज्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्या. अनंत बदर यांची समिती नेमली. या विषयावर मतभेद असू शकतात. आकडेवारी आधी जाहीर करा, अनुशेष आधी भरा, क्रीमी लेयरचं लचांड मागच्या दाराने आणू नका, ही माझीही भूमिका आहे. पण आपल्यातले काही जण मातंग भावांबद्दल ज्या भाषेत बोलतात, ती भाषा कोणाची? 'आम्ही शिकलो, तुम्ही का नाही शिकलात' हे वाक्य आपण आयुष्यभर सवर्णांच्या तोंडून ऐकलं आहे. तेच वाक्य आपल्या तोंडी आलं की समजावं, श्रेणीबद्ध विषमतेने आपल्यालाही एक पायरी देऊ केली आहे आणि आपण तिच्यावर चढलो आहोत. गटारात उतरणाऱ्या कंत्राटी कामगाराची जात विचारा, मग ठरवा शत्रू कोण ते.

मग करायचं काय? जयंतीची वर्गणी जशी दारोदार जाऊन गोळा करता, तसंच इमारतीत दारोदार जा. ठेकेदाराकडे कोण कोण आहे त्याची यादी करा. पगाराची पावती मिळते का, पीएफ भरला जातो का, ईएसआयसीचं कार्ड आहे का, विचारा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेली आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांतही ती आहे. हे मराठा, आगरी, भैया, सगळ्यांना सांगा. महापालिकेला माहितीचा अधिकार लावा : सफाईत कंत्राटी किती, त्यांना पगार किती, त्यांत कोणत्या प्रवर्गाचे किती. विहारात शनिवारी एक तास कामगार कक्ष चालवा आणि दार सगळ्यांना उघडं ठेवा.

एक अट मात्र सोडू नका. जो सोबत येईल त्याने जात घराबाहेर ठेवून यावं. आपल्या वस्तीवर हल्ला झाला, आपल्या पोरीवर अत्याचार झाला, तर त्याने आपल्या आधी पोलीस ठाण्यात उभं राहावं. अट्रॉसिटी कायदा रद्द करा म्हणणाऱ्याबरोबर पगाराचा लढा फार दिवस टिकत नाही. 1928 मधली विणकाम खात्याची अट आजही तीच आहे.

कामोठ्यातला ठेकेदार मस्टरवर सही घेताना कोणाचा दाखला बघत नाही. सगळ्यांना सारखंच लुटतो. त्याला जे कळलं आहे ते आपल्याला कळायला किती वर्षं लागणार?

जयभीम! जय संविधान!